रुमालाखालचा सौदा

जुन्या मोटारीच्या खरेदीविक्रीचा प्रश्न समाजवादी साप्ताहिकात चर्चेला यावा, याचे काही कार्यकर्त्यांना नवल वाटेल. मोटार म्हणजे चैन. चैन करणाऱ्याची फसवणूक झाली तर त्याने स्वतःचे स्वतः पाहून घ्यावे. चळवळीपुढे याहून निकडीचे प्रश्न पडलेले आहेत, अशी समजूत पक्षाच्या वर्तुळात अजूनही दृढ आहे. ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. देशात आज नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींची विक्री संख्येने अधिक होते. या व्यवहारात बंगल्यात राहणारा माणूस असतो, पण तो बहुधा विकणारा असतो. घेणारा असतो तो पर्यटक टॅक्सी चालवून पोट भरू पाहणारा तरुण, वाड्यावस्त्यांवर फिरणारी परिचारिका, तालुक्याच्या गावाहून दूरच्या शाळेत जाणारे शिक्षक दांपत्य, किंवा आजारी आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात नेणारा शेतकरी.

या लोकांनी मोटार हौसेने घेतलेली नसते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडून सुरू झालेल्या एस.टी.ने महाराष्ट्राचा खेडोपाडीचा माणूस हिंडताफिरता केला. त्याच एस.टी.चे कर्मचारी २०२१ च्या अखेरीस संपावर गेले आणि तो संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा सार्वजनिक वाहतुकीवाचून दिवस कसे काढावे लागतात याचा अनुभव ग्रामीण महाराष्ट्राने घेतला. सार्वजनिक वाहतूक जिथे आक्रसते तिथे खाजगी वाहन ही गरज बनते, आणि नवे वाहन आवाक्याबाहेर असल्यामुळे माणूस जुन्याकडे वळतो. एस.टी. सबळ करा ही मागणी पक्षाने सोडता कामा नये. परंतु ती मान्य होईपर्यंत जो माणूस कर्ज काढून जुनी मोटार घेतो, त्याला व्यापाऱ्याच्या दयेवर सोडून देणे हे समाजवादाचे कोणते तत्त्व आहे?

व्यवहाराची रीत

या व्यवहाराची रीत सगळीकडे जवळजवळ सारखीच आहे. विक्रीदालनात मोटार धुऊनपुसून, चकचकीत करून उभी असते. दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे असे सांगून टोकन म्हणून पाचदहा हजार रुपये घेतले जातात. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस त्याच दालनात टेबल मांडून बसलेला असतो. ताबा देण्याच्या दिवशी भराभर सह्या घेतल्या जातात, आणि त्यांतील एका कागदावर बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, लिहिलेले असते की ग्राहकाने वाहन स्वतः तपासले आहे, त्याचे पूर्ण समाधान झाले आहे, वाहन ‘जसे आहे तसे’ त्याने स्वीकारले आहे आणि कोणतेही तोंडी आश्वासन विक्रेत्यावर बंधनकारक नाही.

आठपंधरा दिवसांत मोटार बोलू लागते. घाट चढताना इंजिन तापते, गिअर बदलताना क्लच घसरतो, सकाळी गाडी सुरू करताच निळा धूर निघतो, पहिल्या पावसात गालिच्याखालून कुजका वास येतो. मग गावातला मिस्त्री एकेक गुपित उघडे करतो. धूर दिसू नये म्हणून इंजिनात जाड तेल घातले होते. दोष दाखवणारा दिवा पेटू नये म्हणून त्याची जोडणीच काढून टाकली होती. किलोमीटरचा मीटर मागे फिरवला होता. सीटखालचा पत्रा गंजलेला आहे, म्हणजे ही मोटार केव्हातरी पुराच्या पाण्यात उभी होती. २६ जुलै २००५ चा मुंबईचा महापूर असो की २०१९ सालचा कोल्हापूर–सांगलीचा, पाणी ओसरले तरी त्यात बुडालेली वाहने कुठे जातात याचा माग कोणी ठेवत नाही. त्यांतली काही भंगारात जातात आणि काही रंगरंगोटी होऊन परजिल्ह्यातल्या दालनात पुन्हा उभी राहतात.

ग्राहक दालनाकडे धाव घेतो. पहिल्या फोनला गोड उत्तर मिळते: गाडी घेऊन या, पाहू. गाडी दहा दिवस कार्यशाळेत पडून राहते. जॉबकार्ड मागितले तर ‘आपलीच माणसे आहेत, कागद कशाला’ असे उत्तर येते. त्यानंतर वॉरंटीचे कागद निघतात. वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्स येतात, पण बिघडलेला नेमका भाग झीजतुटीत मोडतो. झीजतुटीत मोडत नसेल तर ग्राहकाने बाहेरच्या मिस्त्रीला गाडी दाखवली हा त्याचा गुन्हा ठरतो आणि वॉरंटी संपते. एवढ्यावरही तो हटला नाही तर शेवटचे अस्त्र बाहेर पडते: विकणारे दालन नव्हतेच! आर.सी. बुकावर आधीच्या मालकाचे नाव, हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर त्याचीच सही. दालन केवळ मध्यस्थ. पैसे घेताना मालक आणि तक्रार ऐकताना दलाल, असे हे दुहेरी रूप आहे.

या दुहेरीपणात आधीचा मालकही भरडला जातो. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून तो गाडी दालनाच्या हवाली करतो आणि सुटलो असे समजतो. परंतु नोंदवहीत जोवर त्याचे नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी त्याच्यावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे जोखीम जुन्या मालकाकडे, दोष नव्या मालकाकडे आणि नफा तेवढा मधल्याकडे, अशी ही वाटणी आहे.

दोन तपासण्या

या साऱ्या व्यवहाराची मेख एका साध्या गोष्टीत आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. जुनी मोटार दालनात येते तेव्हा दालन ती विकत घेत असते. त्या वेळी त्याचा मिस्त्री तिची कसून तपासणी करतो. पत्रा कुठे ठोकला आहे, रंगाचा थर कुठे जाड आहे, क्लच किती झिजला आहे, इंजिन तेल पिते की नाही, हे सारे टिपले जाते आणि सापडलेल्या प्रत्येक दोषागणिक जुन्या मालकाची किंमत पाडली जाते. अलीकडे या धंद्यात उतरलेल्या बड्या कंपन्या तर शेकडो मुद्द्यांच्या तपासणीची जाहिरातच करतात. तीच मोटार महिनाभराने विक्रीला निघते तेव्हा दुसरा तक्ता पुढे येतो. पहिल्या तक्त्यातील दोष त्यात दिसत नाहीत. ते दुरुस्त झाले की झाकले गेले, हे विचारण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते.

तेव्हा ‘आम्हालाही ठाऊक नव्हते’ हा दालनाचा बचाव मुळातच टिकणारा नाही. तपासणी ही माहिती असल्याची कबुली आहे. जो दोष दाखवून जुन्या मालकाकडून वीस हजार कमी करून घेतले, तोच दोष लपवून नव्या ग्राहकाकडून वीस हजार अधिक घेणे, याला व्यापारकौशल्य म्हणायचे असेल तर मापात मारणाऱ्या वाण्यालाही कुशल व्यापारी म्हणावे लागेल.

अर्थशास्त्राने या प्रश्नाची दखल फार पूर्वी घेतली आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. पुढे २००१ साली याच विचाराबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोटारीचा गुण विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा धास्तीपोटी सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात आणि रद्दी तेवढी उरते. त्याच निबंधात भारतातील सावकारी पतपुरवठ्याचेही उदाहरण आहे, ही गोष्ट येथील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुनी मोटार आणि सावकारी कर्ज ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

परंतु अकरलॉफ यांच्या मांडणीचा आधार घेऊन काही मंडळी असे भासवतात की, माहितीची ही विषमता जणू हवामानासारखी नैसर्गिक आहे. ती तशी नाही. माहिती दालनाच्या संगणकात तयार असते. ती दाबून ठेवण्यावर दालनाचा नफा उभा असतो. जमिनीप्रमाणे, कारखान्याप्रमाणे माहितीचीही मालकी असते, आणि या बाजारात ती एका बाजूच्याच हाती एकवटलेली आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. बैलबाजारात हेडी आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवीत. बैलाच्या मालकाला शेवटपर्यंत खरा भाव कळत नसे. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारातही हीच चाल होती. ती मोडण्यासाठी नियंत्रित बाजार निर्माण करावे लागले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा आला आणि १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. या बाजारांनी रुमाल काढून उघड लिलाव आणला. त्या बाजार समित्यांचे पुढे काय झाले हा स्वतंत्र विषय आहे. पण सौदा उघड्यावर झाला पाहिजे हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले. जुन्या मोटारीच्या बाजारात रुमाल अजून तसाच पसरलेला आहे. फक्त आता तो छापील करारनाम्याचा झाला आहे.

कायदा कोणाच्या बाजूचा?

कायदा नाही असे नाही. १९३० चा माल विक्री अधिनियम ‘ग्राहकाने सावध राहावे’ या इंग्रजी तत्त्वावर उभा असला, तरी त्याच्या १६ व्या कलमाने अपवाद ठेवले आहेत. तो माल विकणे हाच ज्याचा धंदा आहे, त्याच्याकडून ग्राहकाने आपले प्रयोजन सांगून आणि त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, तर तो त्या प्रयोजनास योग्य असला पाहिजे, ही अट करारात न लिहिताही लागू होते. पण याच अधिनियमाच्या ६२ व्या कलमाने उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने काढून घेतले आहे. कायद्याने गृहीत धरलेली जबाबदारी स्पष्ट कराराने नाकारता येते, असे ते कलम सांगते. ‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांचे सारे बळ तिथून येते. ज्या इंग्लंडकडून हे तत्त्व उचलले, त्याने १९७७ सालीच अन्याय्य करारकलमांचा कायदा करून ग्राहकाविरुद्धची ही पळवाट बुजवली. भारताच्या विधी आयोगाने १९८४ च्या १०३ व्या अहवालात आणि पुन्हा २००६ च्या १९९ व्या अहवालात अन्याय्य करारकलमांविषयी कायदा करण्याचे सुचवले. अहवाल कपाटात राहिले आणि १९३० चे ६२ वे कलम जागेवर राहिले.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्याने सामान्य माणसाला पुष्कळ दिले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तक्रार तो स्वतःच्या जिल्ह्यात करू शकतो. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात मान्य केले. टॅक्सी स्वतः चालवून उपजीविका करणारा माणूस ‘व्यापारी’ ठरत नाही, ग्राहकच राहतो, हेही कायद्यात आहे आणि १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात त्याचे विवेचन झालेले आहे.

तरीही दोन खिंडारे राहिली. पहिले ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने जो दर्जा ठरला, त्यातील उणीव म्हणजे दोष. जुन्या मोटारीचा दर्जा कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही आणि करारात तर ‘जशी आहे तशी’ लिहून घेतलेले असते. उरतो तो विक्रेत्याचा दावा. म्हणजे जाहिरात, संदेश आणि तोंडी बोलणे. ज्याने ते जपून ठेवले त्याची बाजू टिकते, ज्याने विश्वास ठेवला तो उघडा पडतो. तांत्रिक चाचणी लागली तर तिचे शुल्क आधी तक्रारदाराकडूनच भरून घेता येते. तीन महिन्यांत, आणि चाचणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. जिल्हा आयोगांच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना त्या मुदतीची किंमत ठाऊक आहे.

दुसरे खिंडार अधिक गंभीर आहे. २०१९ च्या कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा प्रथमच आणली, पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे न ठेवता राज्य आयोगाकडे आणि राष्ट्रीय आयोगाकडे दिली. बिघाडाची दाद गडचिरोलीत मागावी, आणि तो बिघाड पचवू देणाऱ्या कलमाविरुद्ध मात्र राज्य आयोगाचे दार ठोठवावे! अडीचतीन लाखांची मोटार घेतलेला माणूस हे करील असे कायदा करणाऱ्यांना खरोखर वाटले असेल काय?

सरकार या बाजारापासून दूर आहे असेही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र, वाहन ताब्यात आल्याची सूचना आणि तोवरची मालकीची जबाबदारी लागू झाली. मध्यस्थ म्हणून हात झटकण्याला त्यामुळे आळा बसू शकतो, हे स्वागतार्ह आहे. पण या नियमांनी विचारले ते एवढेच, की वाहन कोणाच्या ताब्यात आहे. ते कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यांनी विचारले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्यांच्या खरेदी आणि विक्री किमतींतील फरकावर सरसकट १८ टक्के कर ठरवला. म्हणजे दालनाने मोटार केवढ्याला घेतली आणि केवढ्याला विकली, हे सरकारला कळते. ज्याच्या खिशातून तो फरक जातो त्या ग्राहकाला मात्र कळत नाही.

हप्ता थांबत नाही

या प्रकरणात सर्वांत सुरक्षित कोण, असे विचारले तर उत्तर आहे: कर्ज देणारी कंपनी. उदाहरणादाखल, पाच लाखांच्या जुन्या पर्यटक टॅक्सीसाठी चालकाने एक लाख स्वतःचे घातले आणि चार लाखांचे कर्ज दरसाल १५ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, असे समजू. त्याचा मासिक हप्ता सुमारे ११,१३० रुपये होतो, आणि चार वर्षांत तो व्याजापोटी सुमारे १ लाख ३४ हजार रुपये भरतो. कर्जाची रक्कम त्याच्या हाती येतच नाही, ती परस्पर दालनाला जाते. मोटार दुसऱ्याच महिन्यात दालनाच्या कार्यशाळेत अडकली तर उत्पन्न शून्य होते, हप्ता मात्र ठरल्या तारखेला वळता होतो. तीन हप्ते थकले की वसुलीची माणसे दाराशी येतात. कंपनी म्हणते, मोटारीचा बिघाड तुमच्यात आणि दालनात. आमचा संबंध हप्त्याशी.

हा संबंध नाकारण्याचा अधिकार भांडवलशाहीच्या माहेरघरीही उरलेला नाही. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पत अधिनियमाने ठराविक रकमांच्या मर्यादेत कर्ज देणाऱ्याला विक्रेत्याबरोबर संयुक्त जबाबदार धरले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७५ साली नियम केला की विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाच्या ज्या हरकती असतील त्या विक्रेत्याच्या मार्फत कर्ज देणाऱ्यालाही लागू राहतील. भारतातही संसदेने १९७२ साली भाडेखरेदीचा कायदा मंजूर केला होता. तो प्रत्यक्षात कधी अमलात आला नाही आणि २००५ साली रद्द करण्यात आला. तेहेतीस वर्षे एक कायदा पाळण्यात निजून राहिला आणि तसाच गेला. यावरून हितसंबंधांचे बळ कुठे आहे ते कळते.

आक्षेपांचा समाचार

या मागण्यांविरुद्ध तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, स्वस्त वस्तूत जोखीम असायचीच. किंमत कमी आहे ती त्यामुळेच. जोखमीची किंमत ती ठाऊक असल्यावरच ठरते. इंजिन उतरवावे लागेल हे सांगून जर मोटार चाळीस हजारांनी स्वस्त दिली, तर तो सौदा झाला. न सांगता पूर्ण किमतीला दिली तर ती फसवणूक झाली.

दुसरा आक्षेप असा की, बाजारातील पत हाच खरा पहारेकरी आहे. वाईट दालन आपोआप बुडेल. पत काम करते ती रोजच्या गिऱ्हाइकीत. वाण्याकडे माणूस दर आठवड्याला जातो, म्हणून वाणी जपून वागतो. जुनी मोटार माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो, आणि फसलेला एक गेला तर दालनाला दुसरा मिळतो.

तिसरा आक्षेप सहानुभूतीने ऐकण्यासारखा आहे. कडक कायदा केला तर बड्या कंपन्या तगतील आणि नाक्यावरचा छोटा विक्रेता मरेल, असे म्हटले जाते. परंतु जे ठाऊक आहे ते सांगण्यास भांडवल लागत नाही. आज प्रामाणिक छोट्या विक्रेत्याला मारते ती हीच लपवाछपवी, कारण दोष सांगून विकणाऱ्याची मोटार दोष झाकणाऱ्याच्या मोटारीपुढे महाग दिसते. उघड तक्त्याचा नियम त्याच्या सचोटीला प्रथमच बाजारभाव मिळवून देईल.

आणखी एक आक्षेप पक्षातूनच येतो: ग्राहकाचा प्रश्न हा मध्यमवर्गाचा प्रश्न. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी महागाईविरुद्ध मुंबईच्या स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, तेव्हा रॉकेल आणि गोडेतेल हे ग्राहकाचेच प्रश्न होते. श्रमिकाला कारखान्याच्या दारात लुटले काय आणि दुकानाच्या दारात लुटले काय, त्याच्या घरी पोहोचणारा रुपया तेवढाच कमी होतो. १९८६ साली ब्रजोनाथ गांगुली खटल्यात, कर्मचाऱ्याला तीन महिन्यांच्या नोटिशीवर घालवण्याचे नियमातील कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले. दुबळ्या पक्षाला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून पर्याय नसतो, तेव्हा त्या सहीला संमती म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा आशय होता. निकाल कामगाराचा होता, पण ती रेषा मोटार घेणाऱ्या चालकाच्या करारनाम्यावरही आहे.

मागण्या आणि काम

तेव्हा पक्षाने पुढील मागण्या निःसंदिग्धपणे हाती घेतल्या पाहिजेत. दालनाने मोटार विकत घेताना केलेला तपासणी-तक्ता, त्यातील प्रत्येक दोषापुढे ‘दुरुस्त केला’ किंवा ‘तसाच आहे’ असे लिहून, मराठीत विक्रीच्या पावतीला जोडणे सक्तीचे करावे. धंदा म्हणून मोटारी विकणाऱ्याने लिहून घेतलेले ‘जशी आहे तशी’ हे कलम कायद्याने निरर्थक ठरवावे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क अधिनियमाप्रमाणे सदोष वाहन तीस दिवसांत परत करण्याचा हक्क द्यावा, आणि सहा महिन्यांत निघालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरून तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर टाकावा. तो अधिनियम जुन्या मोटारींनाही लागू आहे. विक्रेत्यामार्फत कर्ज देणारी कंपनी संयुक्त जबाबदार राहावी आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हप्त्याच्या थकबाकीवरून वाहन ओढून नेण्यास मनाई असावी. प्रदूषण तपासणी, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र यांच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवून, विमा कंपनीने पूर्ण नुकसानीचा दावा दिला असल्यास त्यासह, तो वाहन क्रमांकावरून कोणालाही पाहता यावा. बेल्जियमसारख्या छोट्या देशात मीटरच्या आकड्यांची अशी नोंद दाखवल्यावाचून २००६ पासून जुनी मोटार विकता येत नाही. अन्याय्य कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा.

यांतील बऱ्याच गोष्टी दिल्लीच्या हाती आहेत, असे म्हणून राज्य सरकारला सुटता येणार नाही. करार आणि यांत्रिक वाहने हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. माल विक्री अधिनियमाच्या ६२ व्या कलमाला महाराष्ट्रापुरती दुरुस्ती विधानमंडळ करू शकते. राष्ट्रपतींची संमती मिळवली की ती येथे लागू होते. पक्षाच्या आमदारांनी अशासकीय विधेयकाच्या रूपाने ही दुरुस्ती मांडावी. ते फेटाळले गेले तरी कोणी कोणत्या बाजूने हात वर केला हे नोंदले जाईल.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्हा कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. टॅक्सी आणि टेंपो चालकांच्या संघटनांना त्यात सामील करून घ्यावे. मोटार घेऊ इच्छिणाऱ्याला सांगावे की, टोकन देण्याआधी स्वतःचा मिस्त्री न्या. जाहिरात आणि संदेश जपून ठेवा. खरेदीच्या वेळचा तपासणी-तक्ता लेखी मागा आणि तो नाकारला तर तोही पुरावा समजा. ताबा पावतीवर सही करताना दिलेली आश्वासने स्वतःच्या हाताने लिहा. जॉबकार्डाशिवाय गाडी कार्यशाळेत सोडू नका. तक्रार फोनवर न करता लेखी करा, कर्ज कंपनीला तिची प्रत द्या, आणि दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा आयोगाकडे जा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक चालकांच्या थांब्यांवर लिहून ठेवावा. दहा तक्रारी एकाच दालनाविरुद्ध आल्या तर त्या एकेकट्याने न लढता दहा जणांनी मिळून दालनाच्या दारात उभे राहावे. एकटा ग्राहक आला तर त्याला बाकावर बसवून ठेवता येते. दहा जणांना बसवून ठेवण्याइतका लांब बाक कोणत्याही दालनात नसतो.

येत्या २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त सरकारी कार्यालयांत भाषणे होतील. त्याच दिवशी पक्षाच्या जिल्हा समित्यांनी परिवहन कार्यालयांसमोर तपासणी-तक्त्याच्या एकाच मागणीसाठी निदर्शने करावीत. मागणी साधी आहे, ती पुरवायला तिजोरीतून एक रुपया जात नाही, आणि ती नाकारताना नाकारणाऱ्याला कारण सांगावे लागेल. ते कारण काय सांगतात, हे लोकांनी ऐकले पाहिजे.